लाकडी चकत्या, नग एकशे वीस

रामकिसन भुतेकर पत्ते खेळणाऱ्या माणसाची कीवही करत नसे. कीव करायला समोरचा निदान थोडाफार माणसात जमा असावा लागतो, असं त्याचं मत होतं. स्टेशनाबाहेर रमी कुटणारे हमाल, अडतीच्या गादीवर तीन पानी खेळणारे व्यापाऱ्यांचे जावई, पारावर मेंढीकोट मांडून बसणारे पेन्शनर, त्याच्या लेखी सगळे सारखेच.

"हातात राजा आला का राणी, एवढंच पाहातेत," तो म्हणायचा. "राजाचं तोंड कसं हाय, ते एकानंबी आजवर पाह्यलेलं न्हाई."

रामकिसननं पाहिलेलं होतं. जुन्या जालन्यातल्या कमानपुरा चौकीत तो मालखान्याचा मोहरीर होता, म्हणजे जप्त केलेला माल वहीत लिहून घेणारा, त्याला चिठ्ठी बांधून ठेवणारा आणि कोर्टानं मागितला की नेऊन दाखवणारा कारकून. मूळचा अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचा. उर्दू मिडल पास झाला आणि निजामाच्या राजवटीत नोकरीला लागला. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, अमीनसाहेब जाऊन त्यांच्या जागी फौजदारसाहेब आले, पण मालखाना होता तिथंच राहिला. चोरीच्या घागरी, मारामारीतल्या कुऱ्हाडी, कुणाच्या तरी डोक्यात घातलेला पाटा, हातभट्टीची मडकी आणि त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसलेला रामकिसन. चिठ्ठ्यांवरचं अक्षर मात्र असं मोत्यासारखं की पाट्यालाही शोभा यावी.

जुगाराच्या धाडीत जप्त झालेले पत्ते त्याच्याकडेच यायचे. आरोपी गुन्हा कबूल करायचे, कोर्ट हुकूम काढायचं की 'साहित्य नष्ट करावे', मग चौकीच्या मागच्या अंगणात पत्त्यांचा ढीग घालून काडी लावायची आणि फौजदारानं वहीत सही करायची. एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर असाच एक ढीग पेटवताना रामकिसनचा हात थांबला. वरच्या जोडातल्या बदाम राजाच्या डोक्यावर मुकुट नव्हता, जरीचा मंदिल होता, आणि हातात तलवारीऐवजी हुक्क्याची नळी होती. हा राजा मान जराशी वळवून रामकिसनकडे असा बघत होता, जसं हैदराबादेतल्या एखाद्या जहागीरदारानं दारात आलेल्या पाहुण्याकडे बघावं. कुठं छापला, कुणासाठी छापला, काही लिहिलेलं नव्हतं. मोंढ्याच्या बाजारातल्या हमालांनी सहा महिने तोच राजा थुंकी लावून वाटला होता आणि त्यांच्यातल्या एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

रामकिसननं तो जोड सदऱ्याच्या आत सरकवला. बाकीचे जाळले. फौजदारानं न बघताच सही केली. वहीत लिहिलं गेलं, 'नष्ट केले'.

ही चोरी आहे असं त्याला कधी वाटलं नाही. जी वस्तू सरकारला जाळायचीच आहे ती कुणाची चोरायची? उलट त्याला वाटायचं, साऱ्या जिल्ह्यात या वस्तूची किंमत कळणारा माणूस एकच, आणि त्याचीच नेमणूक देवानं बरोबर मालखान्यावर केली आहे.

चार वर्षांत बिस्किटांचे तीन डबे भरले. न्हाव्याच्या दुकानात सापडलेला अंगठ्याच्या नखाएवढा जोड. लढाईच्या दिवसांत कुठल्याशा गोऱ्या सोल्जरकडून आलेला, प्रत्येक पानावर विमानाची काळी सावली असलेला. प्रत्येक पानाखाली बारीक उर्दूत भविष्य छापलेला एक होता. त्यातल्या चौकट सत्तीवर लिहिलेलं, 'सफरीत नुकसान'. एका लबाडानं एक्क्यांच्या कोपऱ्यांना सुईनं टोचून खुणा केलेला जोडही त्यानं ठेवला होता. आणि सगळ्यांत लाडका म्हणजे जेलात कुणीतरी सिगारेटच्या पाकिटांच्या पुठ्ठ्यावर काढलेला. त्यातल्या चारही राण्यांचं तोंड एकच होतं. काढणाऱ्याला बहुतेक एकच बाई आठवत असावी.

पहिला डबा त्यानं घरी नेला, तेव्हा बायको साळूबाई भाकरी थापत होती. तिनं झाकण उघडून बघितलं आणि पिठाच्या हातानंच लावून टाकलं.

"हे काय आणलं?"

"पत्ते. पण साधे न्हाईत. तुला न्हाई कळायचं."

"मला बराबर कळून राह्यलं," साळूबाई म्हणाली. "लोकं जुगार खेळून बरबाद होतेत. तुमी न खेळताच व्हायलेत. जुगाऱ्याचं उष्टं गोळा करून घरात भरायचं, हे कुटं पाह्यलं न्हाई बाई मी. लक्ष्मीच्या फोटोखाली हे ठेवू देणार न्हाई मी. बिलकुल न्हाई."

साळूबाईच्या अडाणीपणाचं त्याला वाईटही वाटलं नाही. त्यानं डबा परत नेला आणि मालखान्यात, हातभट्टीच्या मडक्यांमागं ठेवला. पुढचे दोनही तिथंच गेले. दुपारी चौकी पेंगायला लागली की तो दार ओढून घ्यायचा आणि एकेक जोड काढून बघायचा. खेळायचा नाही. त्याला बावन्न पानांतला एकही खेळ येत नव्हता आणि त्याला त्याचाच अभिमान होता.

त्रेपन्न साली वऱ्हाडातून बदलून नवा फौजदार आला. नाव धर्मराज कुलथे, आणि वैर नेमकं जुगाराशी, यावर चौकीतले शिपाई महिनाभर हसले. कुलथे छाती काढून चालायचा आणि पुस्तकातलं बोलायचा. दफ्तर आता मराठीतून लिहायचं होतं, म्हणून रामकिसनच्या उर्दू चिठ्ठ्या त्यानं सगळ्यांदेखत टराटरा काढायला लावल्या. "ही कोंबडीच्या पायांची लिपी यापुढे चालणार नाही," असं म्हणाला. ज्या माणसाला 'पंचनामा' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिता येतो, त्याच्याशी अक्षरावरून काय बोलायचं?

त्या दिवाळीत कुलथेला वरून तंबी आली की कमानपुऱ्यातून जुगाराच्या केसेस कमी येतात. खऱ्या अड्ड्यांवर जायचं तर तिथं व्यापाऱ्यांचे जावई बसलेले. म्हणून भाऊबीजेच्या दुपारी कुलथे चार शिपाई घेऊन निघाला आणि कचरू रंगाऱ्याच्या अंगणात शिरला. दोरीवर लुगडी वाळत होती आणि त्यांच्या सावलीत तिघं म्हातारी माणसं बसली होती: स्वतः कचरू, शाळेतून निवृत्त झालेले जगन्नाथ मास्तर आणि विधवा दुर्गाबाई कासार. मध्ये पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर चिंचोक्यांच्या तीन ढिगल्या आणि सगळीकडे पसरलेल्या गोल, रंगीत चकत्या.

"रंगेहाथ!" कुलथे म्हणाला. रंगाऱ्याच्या अंगणात हा शब्द त्याला सुचला, याचं त्याला पुढं कित्येक दिवस कौतुक होतं.

संध्याकाळच्या आत माल रामकिसनपुढं आला. पंचनाम्यात लिहिलं होतं: 'जुगाराच्या लाकडी चकत्या, रंगीत, नग एकशे वीस. चिंचोके, नग शहाऐंशी. पेटी, एक, रिकामी. फडके, एक, जुने.' घाई होती म्हणून त्यानं चकत्यांची चळत केली, सुतळीनं करकचून बांधली, आणि गाठ मारता मारता सगळ्यात वरच्या चकतीकडं त्याचं लक्ष गेलं.

तांबड्या लाखेवर पिवळ्या रेषांनी एक सिंहाच्या तोंडाचा देव काढला होता. पुढ्यात राक्षस आडवा. सुपारीएवढ्या जागेत त्या राक्षसाच्या तोंडावरचं आश्चर्य सुद्धा काढलेलं होतं.

रामकिसननं सुतळी सोडली. मासा, कासव, डुक्कर, नरसिंह, वामन... दहा अवतार, दहा रंग, दर रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. लाकूड कसलं? कापडावर कापड चिकटवून, खळ लावून, घोटून, वर लाखेचा लेप दिलेला होता. गंजिफा! शाळेतल्या मौलवीसाहेबांच्या तोंडून त्यानं हा शब्द लहानपणी ऐकला होता आणि त्यानंतर कुठं म्हणजे कुठं ऐकला नव्हता. इंग्रजी बावन्न पानं या देशात येण्याआधी लोक यांनी खेळायचे. आणि हे कुणाच्या हातात? एक रंगारी, एक मास्तर आणि एक कासारीण! चिंचोक्यांवर! त्याला त्या तिघांचा भयंकर संताप आला. मग तो थंड झाला आणि हिशेबानं विचार करू लागला. म्हातारी माणसं. भितील, गुन्हा कबूल करतील, दंड भरतील. कोर्ट हुकूम काढील. अंगणात एक जुना टोपला जाळावा लागेल, एवढंच.

त्यानं तीन डब्यांशेजारी चौथ्याची जागा मोकळी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई चौकीत आली. सत्तरीची, काटकुळी, कपाळ मोकळं, हातात काठी, पण काठी टेकण्यापेक्षा दाखवायला जास्त. ती फौजदाराकडं गेलीच नाही. सरळ मालखान्याच्या दारात उभी राहिली.

"माझी पानं कुटं हाईत?"

"आता ती सरकारची हाईत, बाई," रामकिसन म्हणाला.

"सरकारची तर सरकारची. सरकारला सांगा, भिताडाला लावून ठेवू नका, वल येती. उन्हातबी न्हाई, लाख सुटती." मग तिला टेबलावरची सुतळी दिसली, आणि वरच्या पानाच्या कडेला पडलेला बारीक वळही दिसला. "हे कोन्या हमालानं बांधलं?"

रामकिसनचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला पत्त्यांच्या बाबतीत अडाणी म्हणत होतं, आणि ते खरं होतं.

"मी बांधलं," तो म्हणाला. "घाईत. पण मला यातलं कळतं, बाई. मी जुने पत्ते जमा करतो. तीन डबे भरून हाईत माझ्याकडं."

"जमा करता? मंग खेळता काय काय?"

"मी खेळत न्हाई."

"मंग काय करता?"

"ठेवतो. काढून पाहातो."

दुर्गाबाईनं त्याच्याकडं बघितलं. बाजारात बिनकानाचं भांडं दाखवणाऱ्याकडं तिचा नवरा बघायचा तसं.

"आमच्या दुकानात एक बाई यायची," ती म्हणाली. "पन्नास पातेली होती तिच्याकडं. पोरं हॉटेलातून जेवण आणून खायची." एवढं बोलून ती वळून चालायला लागली.

जगन्नाथ मास्तर घाबरले होते. पेन्शन जाईल म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वकिलानं सांगितलं, कबूल करा आणि दंड भरून सुटा, आणि कचरूही तयार होता. पण दुर्गाबाई म्हणाली, "मी जुगार खेळले न्हाई, तर खेळले म्हनू कशाला? माझ्या बापानं लगनात दिलेली पानं हाईत ती." तिच्यापुढं त्या दोघांचं काही चाललं नाही. केस उभी राहिली. ही म्हातारी मूर्ख असल्याबद्दल रामकिसनची खात्री झाली. आता उगीच दोन-तीन महिने थांबावं लागणार होतं.

फेब्रुवारीत तारीख लागली. मुन्सफ साहेब मध्यम वयाचे, सर्दी झालेले, रुमालाआडून कंटाळलेले. सरकारी वकिलानं कुलथेला उभं केलं आणि कुलथेनं छाती काढली.

"आरोपी सांकेतिक भाषेत सट्टा खेळत होते. 'मासा मारला', 'डुक्कर माझं', 'बुटक्याला उतरवा', असे शब्द मी स्वतः ऐकले. ही जनावरांच्या नावांची, बाहेरगावच्या टोळीची भाषा आहे. चकत्या मुद्दाम लाकडी बनवलेल्या आहेत, म्हणजे भिजल्या तरी धंदा बंद पडू नये."

मागच्या बाकावर रामकिसन मांडीवर पेटी घेऊन बसला होता. बुटका! वामनाला, ज्यानं तीन पावलांत त्रिभुवन मोजलं त्याला, हा माणूस टोळीतला बुटका म्हणत होता.

मग त्याचं नाव पुकारलं. त्याला एवढंच करायचं होतं की पेटी उघडायची, 'होय' म्हणायचं आणि जागेवर बसायचं. बाकीचं कोर्टानं केलं असतं, आणि त्यानंतरचं त्यानं.

"पंचनाम्यात लिहिलेला माल तो हाच ना?" सरकारी वकिलानं विचारलं.

"न्हाई," रामकिसन म्हणाला.

मुन्सफांनी रुमाल खाली घेतला. कुलथे वळून बघायला लागला.

"नाही म्हणजे?"

"लाकडी चकत्या माझ्याकडं जमाच झालेल्या न्हाईत, साहेब. ज्यानं ह्याला लाकूड म्हनलं त्यानं लाकूडबी पाह्यलेलं न्हाई आणि हेबी पाह्यलेलं न्हाई." एकदा तोंड उघडल्यावर त्याला ते मिटता येईना. तीन महिन्यांचं, खरं तर चार वर्षांचं, सगळं बाहेर येऊ लागलं. "ह्या गंजिफा हाईत. कापडाचे थर, वर लाख. दशावतार हाईत. टोळी कसली, साहेब? फौजदारसाहेबानी देवाचे दहाच्या दहा अवतार अटक करून आणलेत आणि त्यातल्या एकालाबी वळखलं न्हाई."

कोर्टात हशा पिकला. मुन्सफांनी पेटी जवळ मागवली. एक पान उचललं, उजेडाकडं धरलं, दुसरं उचललं. सर्दी विसरून त्यांनी विचारलं, "वा! आणि खेळतात कसं हे?"

रामकिसन पेटीतली पानं सरळ करू लागला.

त्याला येत नव्हतं. एकशे वीस पानांवरची प्रत्येक रेघ त्याला पाठ होती, तीन महिने त्यानं दुसरं काही पाहिलं नव्हतं, आणि हे पान त्या पानाला कसं मारतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"त्याला काय इचारता, साहेब," आरोपींच्या जागेवरून दुर्गाबाई म्हणाली. "त्याला न्हाई येत."

मुन्सफांनी तिला पुढं बोलावलं. टेबलावर फडकं अंथरलं गेलं, तेच, जुनं, एक. तिघांनी चाळीस-चाळीस पानं वाटून घेतली. दुर्गाबाई खेळता खेळता सांगत होती. दिवस आहे म्हणून रामाचा राजा आधी उतरणार. दिवेलागण झाली असती तर कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का. उतरलेलं पान कुणाला परत बघता येत नाही, ते डोक्यात ठेवायचं.

"किती वराह गेले आत्तापर्यंत?" मुन्सफांनी मध्येच विचारलं.

"सात," दुर्गाबाई मान वर न करता म्हणाली. "राजा, प्रधान मास्तरांचे. नव्वी ह्या कचरूनं उगंच घालवली. खुळा हाय त्यो."

पानं उलटून मोजली. सात होती.

मुन्सफांनी त्याच दिवशी निकाल दिला. नशिबाचा नव्हे, अकलेचा खेळ आहे, अकलेच्या खेळाला जुगाराचा कायदा लागत नाही. आरोपी निर्दोष. माल मालकिणीला परत. चिंचोके सुद्धा.

रामकिसननं आपल्या हातानं पेटी दुर्गाबाईच्या हातात दिली आणि वहीवर तिचा अंगठा घेतला. तिनं पानं मोजून घेतली, एकदा नव्हे, दोनदा.

आठ दिवसांनी कुलथे, रामकिसनविरुद्ध काही सापडतं का बघायला, मालखान्यात शिरला. मडकी बाजूला करायला लावली आणि बिस्किटांचे तीन डबे बाहेर निघाले. कुलथेच्या तोंडावर दिवाळी दिसली. त्यानं वही मागवली, ओळीवर बोट ठेवत तो वाचायला लागला, नष्ट केले, नष्ट केले, नष्ट केले, आणि बोट सह्यांच्या रकान्यात गेल्यावर त्याचा रंग उतरला. बहुतेक सह्या त्याच्या आधीच्या फौजदाराच्या होत्या, तो आता वरच्या हुद्द्यावर बसला होता. उरलेल्या त्याच्या स्वतःच्या होत्या. एकाही ढिगाजवळ दोघांपैकी कुणी उभं राहिलेलं नव्हतं. रामकिसनला अडकवायचं तर आधी स्वतः अडकावं लागणार होतं.

"जाळा," कुलथे म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

शिपाई पुढं झाला, पण रामकिसननं काडी त्याच्या हातातून घेतली. भर दुपारच्या उन्हात आग नीट दिसतही नव्हती, नुसती पानं वाकडी होत होती. मंदिलवाला राजा, विमानं, भविष्यं. जेलातल्या पुठ्ठ्याच्या चार राण्या सगळ्यांत शेवटी पेटल्या. रामकिसन शेवटपर्यंत उभा राहिला. कुलथे धुरानं खोकत खोकत दोन मिनिटांतच आत निघून गेला होता, आणि तेवढ्यातही रामकिसनला वाटलं की या माणसाला धड सूडही घेता येत नाही.

महिन्याच्या आत रामकिसनची बदली परतूरच्या बाजूला एका आडगावच्या चौकीवर झाली. बिऱ्हाड हलवण्याआधी तो दुर्गाबाईच्या घरी गेला. मनात काय होतं ते त्यानं साळूबाईलाही सांगितलं नव्हतं. म्हातारीला पोरबाळ नाही. आपण कोर्टात तिच्यासाठी उभं राहिलो, त्यापायी आपलं सगळं गेलं. निदान आपल्या पश्चात पानं तुम्हाला, एवढं तरी ती म्हणेल.

दुर्गाबाईनं पाणी दिलं. त्यानं डबे जाळल्याचं सांगितलं, बदलीचं सांगितलं, आणि शेवटी अडखळत म्हणाला, "तुमच्यासाठी बोललो, काकू. नोकरीची फिकीर केली न्हाई."

"माझ्यासाठी?" दुर्गाबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलता? त्या फौजदाराचं लिव्हनं तुमाला सोसलं न्हाई, म्हनून बोलले तुमी. मी फासावर गेले असते तरी तुमी पानंच पाहात बसले असते."

रामकिसननं पेला खाली ठेवला. हेही खरं होतं.

"पानं मी देनार न्हाई," ती पुढं म्हणाली. "पन मास्तर आता येत न्हाईत. त्यांच्या सुनेनं बंद केलं. दोघात खेळ व्हत न्हाई. बसा."

तो बसला. कचरूला बोलावणं गेलं. चाळीस गोल पानं रामकिसनच्या हातात मावेनात, निम्मी मांडीत सांडली. पहिला डाव संपला तेव्हा त्याच्याकडं एकही चिंचोका उरला नव्हता, आणि तो कसा गेला हेही त्याला कळलं नव्हतं.

"मोहरीरसाहेब," दुर्गाबाई पानं गोळा करत म्हणाली, "इतके साल सरकारचा माल वळखला. दहा पानं ध्यानात राहीनात काय?"

त्यानंतर चार वर्षं दर रविवारी सकाळच्या गाडीनं तो परतूरहून जालन्याला यायचा. स्टेशनावरून पायी थेट कचरूच्या अंगणात. साळूबाईनं आधी आदळआपट केली, मग शेजारणींना सांगायला लागली की यांना जालन्यात सरकारी काम असतं. खेळता खेळता रामकिसनला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. नरसिंहापुढच्या राक्षसाच्या तोंडावरचं आश्चर्य आता त्याला दिसतच नव्हतं. पान हातात आलं की तो एवढंच बघायचा, नरसिंहाचा राजा आला, प्रधान कुणाकडं आहे? हमालांबद्दल आपण काय म्हणायचो ते आठवून तो खजील झाला. पण डाव चालू होता, खजील व्हायला फारशी सवड नव्हती.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात एका रविवारी तो जिंकला. सगळे चिंचोके त्याच्यापुढं आले. कचरूनं मांडीवर थाप मारली. रामकिसन दुर्गाबाईच्या तोंडाकडं बघत राहिला.

"माझं डोकं दुखून राह्यलं आज," दुर्गाबाई म्हणाली आणि पानं पेटीत भरायला लागली.

पुढच्या वर्षी तिला दिसेनासं झालं. भाचा गजानन नांदेडहून आला आणि तिला घेऊन गेला. पेटी तिनं स्वतःच्या मांडीवर ठेवली होती, गाडी हलेपर्यंत तिनं हमालाला तिला हात लावू दिला नाही. कचरू आणि रामकिसन दोघंच उरले. दोघांत खेळ होत नाही. एकदा परतूरच्या स्टेशनमास्तरनं त्याला रमीला बोलावलं. रामकिसन अर्धा तास बसला. बावन्न पानं, आणि त्यातलीही समोर उघडी पडतात. लहान लेकरांचा खेळ. तो उठून आला. त्यानं परत पत्ते जमा केले नाहीत. कुणी एखादा जुना जोड दाखवला तरी उलटून बघायचा आणि परत द्यायचा.

साठ साली, महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात, त्याला पेन्शन लागून चार-सहा महिने झाले होते. तो अंतरवाली सराटीला भावाच्या शेजारी राहायला आला होता, आणि तिथं नांदेडहून कार्ड आलं. अक्षर गजाननचं होतं, पण सांगणारी कोण हे पहिल्या ओळीत कळत होतं.

'गजाननला दहापर्यंत मोजता येत नाही. त्याची बायको नीला पान टाकताना माझ्या तोंडाकडे बघते. मला दिसत नाही, पण कोण काय टाकतंय ते सांगितलं की पुरतं. पानांना बोट लावून ओळखते. तुम्ही वाईट खेळता. पण यावे.'

रामकिसननं कार्ड दोनदा वाचलं आणि पिशवी भरायला घेतली.

"पत्ते खेळायला नांदेडला?" साळूबाई म्हणाली. "पेन्शन झालेला माणूस? गावात काय सांगू मी लोकायला?"

"सांग, सरकारी काम हाय."

चार दिवसांसाठी गेलेला रामकिसन अकरा दिवसांनी परत आला. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली, आणि बोलण्यात फक्त गजाननच्या मूर्खपणाच्या गोष्टी. कूर्माची दश्शी हातात असताना तो ती कशी दाबून बसला, आंधळ्या म्हातारीनं ती कशी ओळखून काढली, आणि त्यानं तोंड कसं केलं. साळूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी जिंकले का पन?"

"दोनदा."

"अकरा दिवसात दोनदा," साळूबाई म्हणाली आणि घागर त्याच्यापुढं ठेवली. "इहिरीवर जा आधी. घरात पानी न्हाई."